एकतारी पाकाचा वास

दर रविवारी सकाळी गाडीचं बॉनेट उघडून आत बघायचं, हा माझा नेम आहे. आत बघून मला काही कळतं असं नाही. पण पंचेचाळिशीतला माणूस कमरेवर हात ठेवून उघड्या बॉनेटसमोर दोन मिनिटं उभा राहिला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याचं वजन वाढतं. येणारे-जाणारे ‘काय, काही प्रॉब्लेम?’ असं अदबीनं विचारतात आणि ‘नाही, सहज बघतोय’ म्हणताना फार बरं वाटतं. ऑइलची काठी काढायची, फडक्याला पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि ‘हं’ म्हणायचं. काचेवर मारायच्या पाण्याची टाकी भरायची. शेवटी कूलंटच्या पांढुरक्या बाटलीवर नजर टाकायची. तिच्यावर दोन रेघा असतात, वर मॅक्स आणि खाली मिन. आमच्या गाडीतलं हिरवं पाणी या दोन रेघांच्या मधोमध अकरा वर्षं तसंच होतं. ना कमी, ना जास्त. आमच्या घरात इतकं मर्यादेत राहणारं दुसरं कोणी नसल्यामुळे मला त्याचं कौतुक होतं, आणि ते मधूनमधून बदलायचंही असतं हे माझ्या कधी मनात आलं नाही.

मार्चमधल्या एका रविवारी ते मिनच्या खाली दिसलं.

मी ‘हं’ म्हटलं आणि पार्किंगच्या नळाचं पाणी घालून ते मॅक्सपर्यंत नेलं. पुढच्या रविवारी परत मिन. तिसऱ्या रविवारी स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं घेऊन खाली गेलो. (ते भांडं परत वर आणायला बंदी झाली. अजून ते स्कूटरच्या डिकीत आहे.) बरोबर दोनशे मिलीलिटर पाणी मावलं. आठवड्याला दोनशे मिलीलिटर, म्हणजे चहाचे दोन कप. आता दोन कप चहा आठवडाभरात कोणी प्यायला तर आपण मनावर घेत नाही. पण मी कागदावर हिशेब मांडला. एका मिलीलिटरचे साधारण वीस थेंब. दोनशेचे चार हजार. गाडी रोज तासभर चालते असं धरलं, तर चालत्या गाडीतून दर सहा सेकंदांना एक थेंब कुठेतरी पडत होता. चार हजार थेंब माझ्या नाकाखालून जात होते आणि मला एकही दिसत नव्हता.

कारण गाडीखाली काही नव्हतं. मी गुडघ्यांवर बसून पाहिलं, कुशीवर वळून पाहिलं, मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत. मग नव्या फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून रात्रभर इंजिनाखाली अंथरला. सकाळी जाऊन पाहतो तर पुठ्ठाच नाही. वॉचमननं तो रद्दीत घातला होता. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर ‘उचलू नये’ असं लिहून ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींची ग्रुपवर सूचना आली, की पार्किंग ही सामायिक जागा असून तिथे कोणी झोपण्याची सोय करू नये. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, गाडी लावली आणि दहाच मिनिटांत पुठ्ठ्यावर तळहाताएवढा ओला डाग! मला इतका आनंद झाला की मी बायकोला खाली बोलावलं. तिनं बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘एसीचं पाणी आहे हे. सगळ्यांच्याच गाडीचं पडतं.’’ ते एसीचंच होतं.

गळती ही गोष्ट खाजगी ठेवता येत नाही. एकदा सोसायटीत कळलं की तुमच्या गाडीतलं पाणी कमी होतंय, की सल्ले सुरू होतात आणि ते मात्र मॅक्सच्या वर वाहतात. तळमजल्यावरच्या काकांकडे एके काळी पद्मिनी होती. ती घाटात बंद पडली की फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचं, तो गार झाला की निघायचं, असं शास्त्र त्यांना पाठ आहे. त्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, ‘‘रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाक. जिथे भोक असेल तिथे जाऊन बसते.’’ हा उपाय खोटा नाही. ट्रकवाल्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे. फक्त हळदीला गळकं भोक कुठलं आणि कामाचं भोक कुठलं हे कळत नाही, आणि रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची नुसती चळतच. आईला हा सल्ला सांगितला तर ती म्हणाली, ‘‘मग मोहरी आणि हिंग काय पाप केलंय?’’

एसटीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांचं म्हणणं, गाडीत पाण्याचं डबडं ठेवायचं आणि ओतत राहायचं, चाळीस वर्षं आम्ही दुसरं काय केलं? तिसऱ्या मजल्याचे म्हणाले, थर्मोस्टॅट काढून फेका. हा थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप असते. इंजिन ८० अंशांच्या पुढे तापेपर्यंत ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती काढली की इंजिन कायम कोमट राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. पण आपल्याकडे बऱ्याच मेकॅनिकांचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बहुतेकांचा असा समज आहे, की जर्मन आणि जपानी इंजिनियरांनी ही झडप केवळ खोडसाळपणानं बसवलेली आहे. मेहुणा म्हणाला, गाडी विका. तो कशालाही हेच म्हणतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दोन दिवस ठेवली. तिथे गाडीबरोबर मालकालाही एसीत बसवतात, कॉफी देतात. दुसऱ्या दिवशी टाय लावलेल्या मुलानं बिल हातात दिलं. त्यात रेडिएटरचं नवीन झाकण होतं, कूलंटची भर होती आणि ‘लीकेज तपासणी – आढळले नाही’ या ओळीचे साडेआठशे रुपये होते. न सापडलेल्या गोष्टीचे पैसे घ्यायची ही पद्धत मला ज्योतिषाखेरीज इतरत्र ठाऊक नव्हती. ‘‘सर, ऑब्झर्वेशनमध्ये ठेवा,’’ तो म्हणाला. गाडी मात्र लख्ख धुतली होती आणि आरशाला मोगऱ्याच्या वासाची एक चकती लटकवली होती.

घरी आल्यावर आई गाडीत बसली, दार लावलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, ‘‘मोगऱ्यातूनसुद्धा येतोय.’’

इथे मला थोडं मागे जायला हवं. आईला गाडी लागते, म्हणून ती पुढे बसते. आणि फेब्रुवारीपासूनच, म्हणजे बाटलीतलं पाणी मला कमी दिसण्याच्याही आधीपासून, ती सांगत होती, की गाडीत पाकाचा वास येतोय.

‘‘कसला पाक?’’ मी विचारलं होतं.

‘‘साखरेचा. एकतारी. दोनतारी अजून झालेला नाही.’’

यावर घरात रीतसर चौकशी बसली होती. मागच्या महिन्यात एका लग्नातून गुलाबजामचा डबा गाडीतून आणला होता. तो कोणी मांडीवर धरला, कोणी तिरका केला, मुलाचं बोट आत होतं की बाहेर, याच्या साक्षी झाल्या. सीट मागे सरकवून पाहिलं तर एक पेन, साडेसात रुपयांची चिल्लर आणि एक वाळका पेढा मिळाला. पेढ्याला पाक नसतो, म्हणून तो निर्दोष सुटला. शिवाय आईच्या पायाखालची मॅट ओलसर लागत होती. मार्चमध्ये पाऊस नाही, छत्री नाही. तेव्हा मी निकाल दिला, की आईची तांब्याची पाण्याची बाटली गळतेय. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बाटली स्टीलच्या डब्यात उभी करून, झाकण लावून, डबा मांडीवर घेऊन बसायला लागली.

मेमध्ये साताऱ्याला निघालो. बायकोच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. आदल्या रात्री मी पाणी मॅक्सपर्यंत भरलं, नवं झाकण दोनदा पिळून पाहिलं. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट तेव्हा चढावाच लागायचा. बोगदा होता, पण तो परत येताना. भर दुपारी, एसी लावलेला, गाडीत पाच माणसं, बारशाची चांदीची वाटी आणि पाळण्याचं सामान. पुढे एक ट्रेलर गोगलगायीच्या गतीनं चाललेला. दुसऱ्या वळणावर तापमानाचा काटा हलला. अकरा वर्षं मधोमध उभा असलेला काटा हलताना पाहणं काय असतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल.

मला एक उपाय वाचून माहीत होता. इंजिन तापायला लागलं तर एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण सोडायचा. गाडीतला हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे दडवलेला वीतभर रेडिएटरच असतो. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं, पंखा त्यावरून वारा मारतो, आणि इंजिनाची थोडी उष्णता आपल्या अंगावर येते. अकरा वर्षांत मी हीटरचं बटण निळ्या टोकाकडून लाल टोकाकडे कधी फिरवलं नव्हतं. पुण्यात कोण फिरवतं? काचा खाली केल्या, आणि मे महिन्यात, खंबाटकीत, पहिल्यांदाच हीटर लावला.

तीन सेकंदांत समोरची काच आतून धुकट झाली. फडक्यानं पुसली तर तेलकट फराटे उमटले. आणि गाडीभर असा गोड, दाट, कढईतून उठावा तसा वाफेचा लोट आला.

‘‘घे पाक!’’ आई म्हणाली.

‘‘आई, आत्ता नको.’’

‘‘अरे पण—’’

‘‘आत्ता नको म्हटलं ना!’’

डावीकडे जागा मिळाल्यावर गाडी थांबवली, बॉनेट उघडलं. वाफ, शिट्टी, खदखद. घाटात गाडी थांबली की माणसं कुठून उगवतात कळत नाही, पण चौघं आली आणि चौघांनी एकमुखानं सांगितलं की झाकण उघडा. मी हात पुढे केला तेवढ्यात मागच्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, ‘‘साहेब, हात लावू नका! तोंड भाजेल!’’ त्यानं उतरून मला अक्षरशः मागे ओढलं. त्याचं बरोबर होतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. पुण्यात साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि इंजिनाला तर त्याच्या जवळपास तापूनच काम करायचं असतं. म्हणून सगळं पाणी सुमारे एक बार दाबाखाली कोंडतात. तेवढ्याच दाबानं कुकरमधलं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. शिवाय पाण्यात अर्धं इथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं, म्हणून गाडीतलं मिश्रण सव्वाशेच्या पुढे टिकाव धरतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तुमच्या तोंडावर येतं. आई हे गाडीत बसून ऐकत होती. ‘‘शिट्टी पडायच्या आत कुकर उघडू नये हे याला शिकवलंय मी,’’ तिनं सुनेला सांगितलं.

म्हणजे थांबणं आलं. अर्धा-पाऊण तास. मुलं कंटाळली, म्हणून मी त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगितली. मोटारगाडीचा जनक कार्ल बेंझ याची ही बायको. नवऱ्यानं गाडी तर बनवली होती, पण ती घेऊन लांब जायचा त्याला धीर होत नव्हता. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बर्थानं त्याला न सांगता दोन मुलांना उठवलं, गाडी काढली आणि मानहाइमहून निघाली ती शंभरावर किलोमीटर दूर फोर्ट्‌सहाइमला पोचली. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास. त्या गाडीला रेडिएटर नव्हताच. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि दिसेल त्या विहिरीवर, ओढ्यावर थांबून परत भरायचं. चढ आला की मुलं खाली उतरून ढकलायची. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिनं टोपीची पिन घालून ती मोकळी केली, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं मारून घेतलं, आणि इंधन संपलं तेव्हा ते विकत घेतलं औषधाच्या दुकानातून.

‘‘कशाला गेली होती एवढ्या लांब?’’ आईनं विचारलं.

‘‘आईला भेटायला. फोर्ट्‌सहाइम तिचं माहेर.’’

आई आणि बायको यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यात असं एकमत मी क्वचित पाहिलं आहे. ‘‘माहेरी जायचं म्हटल्यावर पाणी भरत का होईना, बाई पोचणारच,’’ आई म्हणाली. आणि आम्ही पोचलो. दोन वेळा थांबून, पाच बाटल्या पाणी पाजून, पाळण्यात नाव घातल्यावर वीस मिनिटांनी.

पुण्यात परतल्यावर मी सर्व्हिस सेंटरचा नाद सोडला आणि नाना पेठेजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्या गॅरेजात कॉफी नाही, बसायला टायर आहे. त्यांनी माझं सगळं पुराण ऐकलं नाही. सायकलच्या पंपासारखा एक हातपंप आणला, त्याला घड्याळासारखी तबकडी. रेडिएटरच्या तोंडाला तो बसवून थंड गाडीत हवा भरली, काटा पंधरावर नेला आणि बिडी पेटवून बसले. मला याची गंमत वाटली. गाडी पार्किंगमध्ये उभी असताना पाण्यावर दाबच नसतो, म्हणून ती सज्जनासारखी कोरडी राहते. इंजिन तापलं, दाब चढला, की भोक उघडतं. आणि बाहेर तापल्या लोखंडावर थेंब पडला तर तो जागीच वाळून जातो, फार तर एक हिरवट-पांढरी खपली उरते. म्हणून दाब द्यायचा थंड गाडीला, आणि मग वाट बघायची. दहा मिनिटांत काटा पंधरावरून बारावर आला. गाडीखाली थेंब नाही. पाइप कोरडे, वॉटर पंप कोरडा, जोड कोरडे, खपली कुठेच नाही.

‘‘आत जातंय,’’ मिस्त्री म्हणाले.

आत म्हणजे कुठे, हे मला विचारायचा धीर होईना. कारण ‘आत’ या शब्दानंतर मेकॅनिक लोक जो शब्द उच्चारतात तो ‘हेड’. हेड गॅस्केट गेलं, पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय, हेड उतरवावं लागेल. डॉक्टरनं ‘बायॉप्सी’ म्हणावं तसा हा शब्द कानावर पडतो. मिस्त्रींनी ऑइलची काठी काढली. पाणी मिसळलं असतं तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. ते काळंच होतं. (रविवारी मीही तेच बघत असतो हे मला तेव्हा समजलं.) मग एका काचेच्या नळीत निळं औषध घालून ती रेडिएटरच्या तोंडावर धरली आणि इंजिन चालू केलं. सिलिंडरमधला धूर पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. मी त्या नळीकडे जितक्या एकाग्रतेनं पाहिलं तितकं दहावीच्या प्रयोगशाळेतही कशाकडे पाहिलं नव्हतं. निळं निळंच राहिलं. मी त्यांच्या पोऱ्याला वीस रुपये दिले, कशाबद्दल ते त्यालाही कळलं नाही.

‘‘आता रंग घालू,’’ मिस्त्री म्हणाले. चमचाभर पिवळट द्रव पाण्यात ओतला. ‘‘तीन दिवस चालवा. मग अंधार पडल्यावर या.’’

तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर गेलो. मिस्त्रींनी शटर अर्धं ओढलं, दिवे घालवले आणि जांभळा दिवा लावला. या अतिनील उजेडात तो रंग हिरवा चमकतो. दिवा माझ्याकडे वळला आणि मी चमकलो. म्हणजे माझा पांढरा शर्ट ट्यूबलाइटसारखा पेटला. हल्लीच्या कपडे धुण्याच्या पावडरींत कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात, ती या उजेडात झळकतात. ‘‘साहेब, लीक तुम्हीच दिसताय,’’ पोऱ्या म्हणाला. वीस रुपयांत तो इतका मोकळा झाला होता.

बॉनेटखाली पंधरा मिनिटं शोध चालला. प्रत्येक नळी, प्रत्येक क्लिप, वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र. हिरवा ठिपका कुठेही नाही. मिस्त्री कंटाळून मागे सरले, दिवा तसाच हातात, आणि उजेडाचा झोत डावीकडच्या उघड्या दारातून आत गेला.

आईची चप्पल चमकत होती.

आईची एक जुनी चप्पल कायम गाडीत असते. देवळाबाहेर काढून ठेवायला. चोरीला गेली तर वाईट वाटू नये म्हणून. तिचे अंगठे, तिचा तळ, तिच्या शेजारची मॅट, मॅटखालचं कारपेट, सगळं हिरवंगार पेटलं होतं. पोऱ्यानं हात जोडले. डॅशबोर्डच्या पोटातून एक बारीक हिरवी धार ओघळून थेट तिथवर आली होती.

‘‘हीटर,’’ मिस्त्री म्हणाले.

‘‘पण मी हीटर लावतच नाही हो! अकरा वर्षांत एकदाच लावला!’’

‘‘तुम्ही लावा, नका लावू. या गाडीत पाणी चोवीस तास हीटरमधून फिरतं. बटणानं फक्त वाऱ्याची झडप हलते.’’

म्हणजे ज्या वस्तूचा पुण्यात काडीचा उपयोग नाही, जी थंड देशांतल्या लोकांची बोटं गोठू नयेत म्हणून बसवलेली, जिचं बटण लाल बाजूला न्यायचीही मला कधी गरज पडली नाही, ती माझ्या नकळत अकरा वर्षं इमानानं गरम पाणी पीत बसली होती आणि फुटली तीच. मिस्त्रींनी विचारलं, कूलंट कधी बदललं होतं? मी अभिमानानं म्हणालो, कधीच नाही, बदलायची वेळच आली नाही. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. कूलंटमध्ये गंज धरू नये म्हणून जी औषधं असतात ती काही वर्षांत मरतात. मग उरतं ते नुसतं रंगीत पाणी, आणि ते ॲल्युमिनियम कुरतडायला लागतं. ‘‘आणि वरून कसलं पाणी घालत होता?’’ नळाचं, मी म्हणालो. ‘‘नळाला काय येतं?’’ बोअरचं. त्यांनी बिडी विझवली.

हीटरचा गाभा अडीच-तीन हजारांचा. पण तो बसवायला अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, स्टिअरिंग सोडवायचं, दोन दिवसांची मजुरी दहा हजार, आणि परत बसवल्यावर आतून कुठून तरी खुटखुट असा आवाज आयुष्यभर येत राहील याची मिस्त्रींनी प्रामाणिकपणे हमी दिली. दुसरा मार्ग म्हणजे बायपास. हीटरकडे जाणारा पाइप आणि हीटरकडून येणारा पाइप इंजिनाच्या बाजूलाच एकमेकांना जोडून टाकायचे. मधला हीटर वाळीत. जोड एकशेऐंशी रुपयांचा, नाना पेठेत समोरच मिळतो, मजुरी पाचशे. मी विचार करायचं नाटक केलं आणि बायपास म्हणालो. काम वीस मिनिटांत झालं. जुनं पाणी काढलं तर ते चहाच्या चोथ्याच्या रंगाचं होतं. ज्याला मी अकरा वर्षं हिरवं समजत होतो ते बहुधा नुसत्या सवयीमुळे. नवं कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून, इंजिन चालवत बुडबुडे संपेपर्यंत हवा काढली.

‘‘ते कारपेट धुवा नीट,’’ निघताना त्यांनी सांगितलं. ‘‘आणि कुत्र्या-मांजरांना जवळ येऊ देऊ नका. कुत्र्यांना गोड लागतं. चाटतात. किडनी जाते. मरतात.’’

घरी आलो. आई टीव्हीसमोर बसली होती. आवाज कमी केला.

‘‘आई, तो पाकच होता.’’

‘‘मग मी काय म्हणत होते?’’

‘‘गुलाबजामचा नव्हता. इंजिनातलं पाणी. ते गोडसर असतं. विषारी असतं, पण वास गोड.’’

‘‘विष?’’ आई म्हणाली. ‘‘तीन महिने माझ्या पायाशी?’’

‘‘प्यायलं तर, आई.’’

आई थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं एवढंच विचारलं, ‘‘पण तार बरोबर होती ना?’’ आणि उठून आत गेली, स्टीलच्या डब्यातून तांब्याची बाटली बाहेर काढली आणि डबा ओट्यावर पालथा घालून ठेवला. मला काय ते समजलं.

कारपेट गच्चीवर नेऊन धुतलं. ग्लायकॉल पाण्यासारखं उडून जात नाही, उलट हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे ते नुसतं वाळवून भागत नाही. तीनदा साबणानं, चौथ्यांदा नुसत्या पाण्यानं. खालचा फोम पिळताना तीन महिन्यांचे थेंब हाताला लागत होते. चार दिवस मी गच्चीच्या दाराला कडी घालून मांजरांवर पहारा दिला. शेजारी आईच्या सांडग्यांचं प्लॅस्टिक होतं, तेही आपोआप राखलं गेलं. तळमजल्याचे काका वर येऊन बघून गेले आणि खाली जाऊन सांगितलं, की हळद टाकली असती तर एवढा व्याप झाला नसता. नंतर मला वाटलं, या बाबतीत त्यांचं थोडंफार बरोबरही असेल. पण ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

आता रविवारी बॉनेट उघडतो तेव्हा पाणी मधोमध असतं. मी आता तारीख लिहून ठेवली आहे, बदलण्याची.

डिसेंबरात पुन्हा साताऱ्याला निघालो. पहाटेची वेळ, शिरवळच्या आसपास चांगलीच थंडी होती. मागून बायको म्हणाली, ‘‘हीटर लाव ना जरा.’’ गाडीत कोणीच काही बोललं नाही. मुलानं आपली कानटोपी काढून तिला दिली. खंबाटकी चढताना माझं एक लक्ष रस्त्यावर आणि एक काट्यावर. काटा मधोमध. घाटमाथा आला, उतार लागला, आणि आईनं मान जराशी वर केली.

‘‘कसला तरी वास येतोय,’’ ती म्हणाली.

मी एक शब्द बोललो नाही. डावा इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेटची कळ ओढली, खाली उतरून बॉनेट उघडलं. पाइप पाहिले, जोड पाहिला, बाटली पाहिली. गुडघ्यावर बसून गाडीखाली पाहिलं. मग डावीकडचं दार उघडून आईचे पाय बाजूला करून मॅटखाली हात घातला. कोरडं.

‘‘काही नाही दिसत, आई. कसला वास होता? पाकाचा?’’

‘‘पाकाचा कशाला?’’ आई म्हणाली आणि तिनं काचेतून पलीकडच्या टपरीकडे बोट केलं. कढईतून धूर निघत होता. ‘‘कांदाभज्यांचा. आता थांबलाच आहेस तर मिरचीचीपण सांग.’’